उड्डाणाच्या वेळी नियंत्रकाशी बोलताना: ऐकावे कसे आणि परत सांगावे कसे

बारामती किंवा गोंदिया येथे प्रशिक्षण घेऊन उद्या प्रवासी विमानात सहवैमानिक म्हणून बसणाऱ्या तरुणांना रेडिओवर बोलण्याची जी भीती वाटते, ती बहुधा इंग्रजी उच्चारांची आणि समोरच्याच्या वेगाची असते. हा धसका समजण्यासारखा आहे. परंतु उड्डाणाच्या टप्प्यात वैमानिक आणि नियंत्रक यांच्यात झालेल्या आणि अपघाताच्या चौकशी अहवालांत नोंदल्या गेलेल्या गैरसमजांकडे पाहिले, तर त्यांतील कित्येक वेळा शब्द दोन्ही बाजूंना स्पष्ट ऐकू आले होते, असे आढळते. ऐकणाऱ्याला जे ऐकायची घाई होती, तोच अर्थ त्याने त्या शब्दांना लावला आणि चूक तिथे झाली. म्हणून पुढील सूचना उच्चार सुधारण्यासाठी नाहीत. आपल्या मनातली अपेक्षा कुठल्या वळणावर कानाच्या आड येते, हे ओळखून तिथे थांबण्याची सवय कशी लावावी, एवढ्यापुरत्याच त्या आहेत.

उतरणाऱ्या विमानाचा हेतू सर्वांना ठाऊक असतो. निघणाऱ्या विमानाचे तसे नसते. पंधरा-वीस मिनिटांत ते डिलिव्हरी (मार्गाची परवानगी देणारा), ग्राउंड (जमिनीवरील हालचाल पाहणारा), टॉवर (धावपट्टी पाहणारा) आणि डिपार्चर (उड्डाणानंतर सूचना देणारा) अशा चार वेगवेगळ्या नियंत्रकांशी बोलते. त्यांतील प्रत्येक जण त्याला काही ना काही परवानगी देतो आणि या परवानग्यांची भाषा एकमेकींशी बरीच मिळतीजुळती असते. मार्गाची परवानगी, इंजिन सुरू करण्याची परवानगी, धावपट्टीच्या तोंडापर्यंत जाण्याची, धावपट्टीवर जाऊन उभे राहण्याची आणि शेवटी उड्डाणाची, या पाचही गोष्टी वेगळ्या आहेत आणि एक मिळाली म्हणून दुसरी मिळत नाही, हे वाक्य वाचताना कोणालाही साधे वाटेल. विमानाला दोन तास उशीर झालेला असताना ते तितके साधे राहत नाही.

मार्गाची परवानगी म्हणजे उड्डाणाची परवानगी नव्हे

२७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांतील टेनेरीफच्या लॉस रोदेओस विमानतळावर केएलएम आणि पॅन ॲम या कंपन्यांची दोन ७४७ विमाने धावपट्टीवर एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे मरण पावली. हा अपघात प्रत्येक प्रशिक्षणात सांगितला जातो, पण बहुधा धुक्याची गोष्ट म्हणून सांगितला जातो. आपल्या कामाच्या दृष्टीने त्यातील शेवटच्या मिनिटभराचे संभाषण अधिक मोलाचे आहे.

शेजारच्या ग्रान कनारिया बेटावरील विमानतळावर बॉम्बस्फोट झाल्याने अनेक विमाने या लहान विमानतळाकडे वळवली गेली होती आणि टॅक्सीवे, म्हणजे धावपट्टीकडे नेणारा जोडरस्ता, उभ्या विमानांनी भरला होता. त्यामुळे केएलएमच्या विमानाने धावपट्टीवरूनच दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन तोंड फिरवले, तर पॅन ॲमचे विमान त्याच धावपट्टीवरून मागून येत होते आणि त्याने मधल्या एका फाट्यावरून बाहेर पडायचे होते. ढग उतरल्यामुळे टॉवरला धावपट्टी दिसत नव्हती आणि जमिनीवरील विमाने दाखवणारे रडार तिथे नव्हते. केएलएमच्या सहवैमानिकाने आपण उड्डाणास तयार असून मार्गाच्या परवानगीची वाट पाहत आहोत, असे एकाच दमात सांगितले. नियंत्रकाने फक्त मार्गाची परवानगी दिली, परंतु त्या परवानगीच्या वाक्यात ‘टेकऑफनंतर उजवीकडे वळा’ अशा अर्थाची सूचना असल्याने ‘क्लिअर्ड’ आणि ‘टेकऑफ’ हे दोन्ही शब्द कॅप्टनच्या कानावर पडले. सहवैमानिक ती परवानगी परत वाचून दाखवत असतानाच कॅप्टनने ब्रेक सोडले होते. वाचन संपवताना सहवैमानिक जे म्हणाला, ते ‘वुई आर नाउ ॲट टेकऑफ’ असे नोंदले गेले आहे आणि या वाक्याचा अर्थ ‘आम्ही उड्डाणाच्या जागी उभे आहोत’ असाही होतो आणि ‘आम्ही उड्डाण करत आहोत’ असाही होतो.

नियंत्रकाने पहिला अर्थ घेतला आणि ‘ओके’ म्हणून क्षणभर थांबून, उड्डाणासाठी थांबा, मी बोलावीन, असे सांगितले. त्याच क्षणी पॅन ॲमच्या वैमानिकांनी आपण अजून धावपट्टीवरच असल्याचे घाईने कळवले. दोन संदेश एकमेकांवर आदळले आणि केएलएमच्या कॉकपिटमध्ये ‘ओके’च्या पुढे काही सेकंद केवळ शिट्टीसारखा आवाज आला.

या एका प्रसंगातून आपल्या कामाचे कितीतरी नियम निघाले आहेत. ‘टेकऑफ’ हा शब्द आता फक्त उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारायचा असतो आणि इतर सर्व ठिकाणी ‘डिपार्चर’ म्हणायचे असते. वैमानिकानेही हे पाळले पाहिजे. ‘रेडी फॉर टेकऑफ’ असे म्हणणारे वैमानिक आजही ऐकू येतात, पण योग्य शब्द ‘रेडी फॉर डिपार्चर’ हेच आहेत. दुसरे असे की, दोन मागण्या एका वाक्यात करू नयेत. मार्गाची परवानगी आणि उड्डाणाची तयारी या गोष्टी एकत्र सांगितल्या, की उत्तर कशाचे आले याबद्दल संदिग्धता राहते. तिसरी गोष्ट ‘ओके’ या शब्दाची आहे. तो रेडिओच्या प्रमाणित शब्दसंग्रहात नाही आणि तो कोणत्याही बाजूने ऐकू आला, तरी त्याला होकार समजू नये.

परवानगी घेण्यापूर्वी अपेक्षा कागदावर मांडावी

मुंबई आणि दिल्लीसारख्या मोठ्या विमानतळांवर मार्गाची परवानगी आता पुष्कळदा डेटालिंकवरून लेखी स्वरूपात येते. लहान विमानतळांवर ती अजूनही आवाजातच मिळते. दोन्ही वेळी एक जुनी रीत उपयोगी पडते. नियंत्रकाशी बोलण्यापूर्वी स्वयंचलित हवामान प्रसारण ऐकून, कोणती धावपट्टी, कोणता डिपार्चर मार्ग आणि कोणती पहिली उंची मिळेल असे आपल्याला वाटते, ते कागदावर लिहून ठेवावे आणि त्याच्या शेजारी प्रत्यक्ष परवानगीसाठी कोरी जागा सोडावी. परवानगी आली, की ती कोऱ्या जागेत स्वतंत्रपणे लिहावी आणि मग दोन्ही स्तंभ ताडून पाहावेत. अपेक्षित मजकुरावरच खूण करत गेल्यास, हात ऐकण्याच्या आधी खूण करतो आणि बदललेली धावपट्टी नजरेतून निसटते. फ्लाइट मॅनेजमेंट कॉम्प्युटरमध्ये (विमानाला मार्ग दाखवणाऱ्या संगणकात) आधीच भरून ठेवलेला मार्ग हाही एक प्रकारचा अपेक्षित स्तंभच आहे आणि तो अधिक फसवा आहे, कारण तो छापल्यासारखा नीट दिसतो. लेखी परवानगी आली असेल, तर ती एकाने मोठ्याने वाचावी आणि दुसऱ्याने पडद्यावरील मार्ग पाहावा. दोघांनी आपापल्या पडद्याकडे पाहून माना डोलावणे म्हणजे तपासणी नव्हे.

स्क्वॉक कोडबद्दल, म्हणजे रडारवर विमान ओळखता यावे म्हणून दिलेल्या क्रमांकाबद्दल, एक लहानशी पण कामाची गोष्ट अशी, की त्याच्या चारही आकड्यांत ० ते ७ एवढेच अंक असतात. त्यामुळे ८ किंवा ९ ऐकल्याचा भास झाला, तर आपण चुकीचे ऐकले आहे हे तिथल्या तिथे कळते.

आकडे ऐकताना ते मनातल्या मनात मराठीत आणू नयेत. मराठीत एकक आधी येतो आणि दशक नंतर येतो, त्यामुळे घाईत ‘फोर सेव्हन’चे सत्तेचाळीस आणि सत्तेचाळीसचे पुन्हा अंक करताना सात-चार लिहिले जाण्याचा धोका असतो. जसा अंक ऐकू येईल तसा तो सुटा लिहावा आणि सुटाच बोलावा.

रीडबॅक कसा द्यावा

नियंत्रकाने सांगितलेले सगळेच परत वाचून दाखवायचे, म्हणजे त्याचा रीडबॅक द्यायचा, नसते आणि सगळे काही पोपटासारखे परत म्हणणारा वैमानिक फ्रिक्वेन्सी विनाकारण अडवतो. मार्गाची परवानगी, धावपट्टीवर जाण्याच्या, ती ओलांडण्याच्या, तिच्या अलीकडे थांबण्याच्या, तिच्यावरून उलट दिशेने जाण्याच्या, उतरण्याच्या आणि उड्डाणाच्या सर्व सूचना, वापरातील धावपट्टी, क्यूएनएच (उंचीमापकात लावायचा हवेचा दाब), स्क्वॉक कोड, उंची, दिशा आणि वेग यांच्या सूचना मात्र शब्दशः परत सांगाव्या लागतात आणि शेवटी आपला कॉलसाइन (रेडिओवरील विमानाचे नाव) जोडावा लागतो. या बाबतींत ‘रॉजर’ हे उत्तर अपुरे आहे, कारण ‘रॉजर’चा अर्थ संदेश पूर्ण मिळाला एवढाच होतो. तो समजला किंवा त्याप्रमाणे करतो, असे त्यातून सूचित होत नाही. मायक्रोफोनचे बटण दोनदा दाबून ‘टक-टक’ असे उत्तर देण्याची जी लकब काही ज्येष्ठांमध्ये आढळते, ती तर नवोदिताने उचलूच नये.

बटण दाबल्यावर क्षणभर थांबून मग बोलावे, अन्यथा पहिले अक्षर कापले जाते आणि ते बहुधा कॉलसाइनचे असते. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे बोलण्याचा वेग मिनिटाला १०० शब्दांपेक्षा अधिक नसावा. मुंबईच्या गर्दीच्या वेळी हा नियम कोणी पाळताना दिसणार नाही, हे खरे आहे. तरीही नियंत्रक भरभर बोलतो म्हणून आपणही भरभर बोलावे, असे नाही. सावकाश दिलेला पूर्ण रीडबॅक हा घाईने दिलेल्या आणि पुन्हा विचाराव्या लागणाऱ्या रीडबॅकपेक्षा कमी वेळ घेतो.

अंकाच्या आधी तो कशाचा अंक आहे, हे सांगणे कधीही सोडू नये. ‘टू फोर झीरो’ ही दिशा असू शकते, वेग असू शकतो आणि फ्लाइट लेव्हलही (शंभर फुटांच्या पटीत सांगितलेली उंची) असू शकते. आणि उड्डाणानंतरच्या काही मिनिटांत या तिन्ही सूचना मिळण्याचा संभव असतो. इंग्रजीतील ‘टू’ हा शब्द तर विशेष घातक आहे, कारण तो अंकही आहे आणि ‘पर्यंत’ या अर्थाचा शब्दही आहे. १९ फेब्रुवारी १९८९ रोजी क्वालालंपूरजवळ उतरणाऱ्या फ्लाइंग टायगरच्या मालवाहू ७४७ विमानाला २४०० फुटांपर्यंत खाली येण्यास सांगितले गेले, तेव्हा पहिला ‘टू’ हा वैमानिकांनी ‘पर्यंत’ या अर्थाने घेतला आणि ४०० फूट असा रीडबॅक दिला. तो दुरुस्त केला गेला नाही आणि विमान टेकडीवर आदळून चौघेही मरण पावले. हा प्रसंग उतरण्याचा असला, तरी वर चढतानाही हाच सापळा असतो.

या अपघातातली दुसरी बाजू अशी, की रीडबॅक ऐकणे हे नियंत्रकाचे काम आहे, पण नियंत्रकही तेच ऐकतो जे त्याने नुकतेच सांगितले आहे. रीडबॅकनंतर नियंत्रक गप्प राहिला, म्हणजे आपले बरोबर ठरले, असे गृहीत धरण्याची सवय त्यामुळे धोक्याची आहे. शंका असेल तर पूर्ण वाक्य पुन्हा न म्हणता ‘कन्फर्म’ म्हणून फक्त शंकेचा भाग विचारावा.

टॅक्सी करताना

रीडबॅक शब्दशः बरोबर असूनही समज चुकीची असू शकते आणि या प्रकारावर रीडबॅकचा कोणताही उपाय चालत नाही. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपानी तटरक्षक दलाचे डॅश-८ विमान नोतो भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघाले होते. टॉवरने त्याला ‘नंबर वन’ असे सांगून सी-५ या होल्डिंग पॉइंटपर्यंत, म्हणजे धावपट्टीच्या अलीकडील थांबण्याच्या जागेपर्यंत, जाण्यास सांगितले. वैमानिकांनी ‘होल्डिंग पॉइंट सी-५’ आणि ‘नंबर वन’ हे दोन्ही शब्द बरोबर परत सांगितले आणि तरीही विमान धावपट्टीवर जाऊन सुमारे ४० सेकंद उभे राहिले. उतरणाऱ्या जपान एअरलाइन्सच्या ए-३५० विमानातील ३७९ जण आगीतून बाहेर पडले, परंतु तटरक्षक दलाच्या विमानातील सहापैकी पाच जण मरण पावले. उड्डाणाच्या क्रमात आपण पहिले आहोत, एवढीच माहिती ‘नंबर वन’ या शब्दांत होती. परंतु निघण्याची निकड असलेल्या कानाला त्यात मार्ग मोकळा असल्याचा सूर लागला असावा. नंतर काही काळ जपानमध्ये हे शब्द वापरणे थांबवण्यात आले होते.

यावर जो उपाय कॉकपिटच्या आत करता येतो, तो असा. धावपट्टीच्या रेषेपाशी पोहोचण्यापूर्वी विमान चालवणाऱ्याने आपल्याला कुठपर्यंतची परवानगी आहे हे रीडबॅकच्या भाषेत न सांगता साध्या भाषेत सहकाऱ्याला सांगावे: ‘आपण या रेषेच्या अलीकडे थांबणार आहोत, धावपट्टीवर जाण्याची परवानगी अजून मिळालेली नाही.’ सहकाऱ्याने त्याला होकार द्यावा किंवा हरकत घ्यावी. शब्द परत म्हणणे हे जिभेचे काम आहे, तर अर्थ दुसऱ्या शब्दांत सांगायला मन वापरावे लागते. धावपट्टीच्या तोंडाशी आडव्या ओळीत बसवलेले लाल स्टॉप बार दिवे उजळलेले असताना नियंत्रकाने काहीही सांगितले तरी ओलांडू नयेत, हा नियम सर्वांना माहीत असतो. परंतु दिवे विझलेले असणे म्हणजे परवानगी नव्हे, ही त्याची दुसरी बाजू कमी लक्षात राहते. हानेदा येथे सी-५ चे स्टॉप बार दिवे दुरुस्तीमुळे त्या काळात बंदच होते.

आपण कुठे आहोत, हे नियंत्रकाला माहीत आहे असे गृहीत धरू नये. ८ ऑक्टोबर २००१ रोजी मिलानच्या लिनाते विमानतळावर दाट धुक्यात एक लहान सेसना जेट सांगितलेल्या आर-५ ऐवजी आर-६ या टॅक्सीवेवर वळले. वैमानिकाने वाटेत एस-४ या खुणेजवळ आल्याचे कळवलेही होते, परंतु ती खूण नियंत्रकाच्या माहितीत नव्हती आणि त्याने ती सोडून दिली. ते विमान धावपट्टीवर उड्डाण करत असलेल्या स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सच्या एमडी-८७ विमानासमोर आले आणि एकूण ११८ माणसे मरण पावली. समोर दिसणारी पाटी आणि मिळालेली सूचना जुळत नसेल, तर पाटीचे नाव सांगून पुढे सरकू नये. थांबावे आणि आपण कुठे आहोत याची खात्री नसल्याचे स्पष्ट शब्दांत सांगावे. ‘अनशुअर ऑफ पोझिशन’ म्हणताना कमीपणा वाटतो, हे मान्य आहे, पण टॉवरला तो कमीपणा वाटत नाही. त्याला लगेच धावपट्टी थांबवता येते.

धावपट्टीवर

धावपट्टीच्या टोकाऐवजी मधल्या फाट्यावरून निघत असाल, तर टॉवरशी पहिल्याच संपर्कात फाट्याचे नाव सांगावे. २५ मे २००० रोजी पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावर एक शॉर्ट्स ३३० मालवाहू विमान मधल्या फाट्यावर उभे होते आणि ते टोकाला आहे, असे नियंत्रकाला वाटत होते. टोकाला उभ्या असलेल्या एअर लिबर्तेच्या एमडी-८३ विमानाला त्याने फ्रेंचमध्ये उड्डाणाची परवानगी दिली आणि शॉर्ट्सला इंग्रजीत धावपट्टीवर जाऊन थांबण्यास सांगताना ‘नंबर टू’ असे म्हटले. शॉर्ट्सच्या वैमानिकांना फ्रेंच येत नव्हते. ते आपल्या समोरून निघालेल्या विमानामागे आपला क्रम आहे, असे समजून धावपट्टीवर शिरले. एमडी-८३ चा पंख त्यांच्या कॉकपिटवर आदळला आणि एका वैमानिकाचा मृत्यू झाला. सुदैवाने आपल्या विमानतळांवर सर्वांशी संभाषण इंग्रजीत होते, त्यामुळे इतरांचे बोलणे ऐकून मनात चित्र रंगवण्याची सोय आपल्याला आहे. ती वापरावी. टॉवरच्या फ्रिक्वेन्सीवर आल्यावर लगेच बोलायला न लागता दोन-तीन देवाणघेवाणी ऐकाव्यात. कोण उतरत आहे, कोण ओलांडत आहे आणि आपल्या कॉलसाइनशी जुळणारा कोणी आहे का, हे त्यातून कळते.

सारखे कॉलसाइन हा आपल्याकडील रोजचा प्रश्न आहे. एकाच कंपनीची अनेक विमाने एकाच तासात निघत असतात आणि त्यांच्या क्रमांकांत एखाद्याच अंकाचा किंवा अंकांच्या क्रमाचा फरक असतो. नियंत्रकाने स्वतः संक्षेप केल्याशिवाय वैमानिकाने आपला कॉलसाइन संक्षिप्त करू नये आणि दुसऱ्याने आपली परवानगी उचलल्याचा संशय आल्यास ताबडतोब तसे सांगावे. अशा वेळी आपण दुसऱ्याच्या कामात नाक खुपसत आहोत, असे वाटण्याचे कारण नाही. साधर्म्य फारच असेल, तर नियंत्रक तात्पुरता कॉलसाइन बदलूनही देऊ शकतो.

‘उतरणाऱ्या विमानामागून धावपट्टीवर जा’ अशी सशर्त परवानगी मिळाली, तर रीडबॅकमध्ये अटही सांगावी लागते आणि ते विमान दोघांनीही डोळ्यांनी पाहिलेले असावे लागते. दोन विमाने एकामागोमाग उतरत असतील आणि त्यांतील कोणते, याबद्दल शंका असेल, तर ही परवानगी नाकारण्याचा हक्क वैमानिकाला आहे. मला विचाराल तर रात्री, पावसात किंवा अपरिचित विमानतळावर नवख्याने तो हक्क खुशाल वापरावा.

‘लाइन अप अँड वेट’ (धावपट्टीवर जाऊन थांबा) ही सूचना मिळाल्यावर धावपट्टीवर उभे राहणे हा विश्रांतीचा काळ नसतो. १ फेब्रुवारी १९९१ रोजी लॉस एंजलिसमध्ये स्कायवेस्टचे मेट्रोलायनर विमान असेच धावपट्टीवर उभे राहिलेले नियंत्रक विसरली आणि तिने त्याच धावपट्टीवर यूएसएअरच्या ७३७ ला उतरण्याची परवानगी दिली. मेट्रोलायनरमधील सर्व १२ जण आणि ७३७ मधील अनेक प्रवासी मृत्युमुखी पडले. अमेरिकेत वैमानिकांना दिलेल्या मार्गदर्शनात ९० सेकंदांच्या आसपास काहीही न ऐकू आल्यास स्वतःहून टॉवरला आठवण करून द्यावी, असे सांगितले जाते, आणि हा आकडा आपणही डोक्यात ठेवायला हरकत नाही. उभे असताना आपल्या धावपट्टीवर दुसऱ्या कोणाला उतरण्याची परवानगी मिळताना ऐकू आली, तर ९० सेकंदही थांबू नये.

उड्डाणाची परवानगी आल्यावर कॉलसाइन, धावपट्टीचा क्रमांक आणि ‘क्लिअर्ड फॉर टेकऑफ’ हे तिन्ही दोघांनी ऐकले आहे, याची तोंडी खात्री करूनच ब्रेक सोडावेत. दिल्लीत २९ एल आणि २९ आर अशा समांतर धावपट्ट्या आहेत आणि तिथे शेवटचे अक्षर अंकांइतकेच महत्त्वाचे असते. रीडबॅकमधला क्रमांक समोर रंगवलेल्या क्रमांकाशी आणि होकायंत्राशी जुळवून पाहावा, कारण धावपट्टीचा क्रमांक म्हणजे तिच्या दिशेचे अंश दहाने भागून आलेला आकडा असतो. २७ ऑगस्ट २००६ रोजी अमेरिकेतील लेक्सिंग्टन येथे कोमएअरच्या वैमानिकांना २२ क्रमांकाच्या धावपट्टीवरून निघायचे होते, परंतु त्यांनी उड्डाण सुरू केले ते २६ या निम्म्या लांबीच्या धावपट्टीवरून. विमानातील ५० पैकी ४९ जण मरण पावले.

विमान अद्याप हललेले नसेल, तर नियंत्रक ‘होल्ड पोझिशन, कॅन्सल टेकऑफ’ असे म्हणतो, आणि धावू लागल्यावर ‘स्टॉप इमिजिएटली’ असे दोनदा म्हणतो. हे शब्द वर्षानुवर्षे ऐकायला मिळत नाहीत, म्हणून उड्डाणापूर्वीच्या ब्रीफिंगमध्ये ते मुद्दाम उच्चारावेत.

जमीन सोडल्यानंतर

डिपार्चरशी पहिला संपर्क करताना कॉलसाइन, आत्ताची उंची आणि ज्या उंचीपर्यंत परवानगी आहे ती, हे तिन्ही सांगावे. बरेच जण आत्ताची उंची सांगून थांबतात. परंतु गैरसमज असेल, तर तो परवानगीच्या उंचीच्या आकड्यातच उघडा पडतो.

उंचीबाबतच्या गैरसमजाचा सर्वांत मोठा धडा आपल्याच देशात घडला. १२ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी दिल्लीहून निघालेले सौदी ७४७ विमान १४००० फुटांवर होते आणि समोरून उतरणाऱ्या कझाकस्तानच्या आयएल-७६ विमानाला १५००० फुटांवर थांबण्यास सांगितले होते. कझाक विमान त्या उंचीच्या खाली गेले आणि हरियाणातील चरखी दादरीजवळ झालेल्या धडकेत ३४९ जण मरण पावले. त्या विमानात नियंत्रकाशी बोलणारा रेडिओ ऑपरेटर आणि विमान चालवणारे हात वेगवेगळे होते. न्यायमूर्ती लाहोटी आयोगाच्या चौकशीनंतर भारतात टक्करविरोधी यंत्रणा सक्तीची झाली आणि दिल्लीत येणाऱ्या व जाणाऱ्या विमानांचे मार्ग वेगळे करण्यात आले. आपल्या कॉकपिटसाठी यातून घ्यायचे ते एवढेच: उंचीची सूचना आल्यावर एकाने ती यंत्रात घालावी, दुसऱ्याने आकड्याकडे बोट दाखवून तो मोठ्याने वाचावा, आणि रेडिओवर जो बोलला त्याच्यावर सारे सोपवून दुसऱ्याने मोकळे होऊ नये.

गैरसमज कधी कधी नियंत्रकांमध्येच होतो आणि त्याचा पत्ता वैमानिकाला नसतो. ७ जानेवारी २०२२ रोजी बंगळूरच्या दोन समांतर धावपट्ट्यांवरून दोन विमाने जवळजवळ एकाच वेळी निघाली, कारण एक धावपट्टी उड्डाणांसाठी वापरायची नाही, हा निर्णय संबंधित टॉवर नियंत्रकापर्यंत पोहोचला नव्हता. रडार नियंत्रकाने वेळीच दिशा बदलायला लावून त्यांना दूर केले. अशा वेळी वैमानिकाच्या हातात एकच गोष्ट असते: अनपेक्षित वळणाची सूचना आली, तर आधी वळावे आणि कारण नंतर विचारावे.

सहकाऱ्याला शंका कशी सांगावी

टेनेरीफमध्ये धाव सुरू झाल्यावर पॅन ॲमने धावपट्टी सोडल्यावर कळवतो, असे सांगितलेले वाक्य केएलएमच्या फ्लाइट इंजिनिअरने ऐकले होते. पॅन ॲम अजून बाहेर पडले नाही का, असे त्याने विचारलेही. कॅप्टन कंपनीत वैमानिकांना प्रशिक्षण देणारा प्रमुख अधिकारी होता. त्याने ठासून उत्तर दिले आणि प्रश्न तिथेच मिटला. आपल्याकडे वडीलधाऱ्यांपुढे शंका प्रश्नाच्या रूपात आणि दबक्या आवाजात मांडायची पद्धत आहे आणि ती घरात शोभते. कॉकपिटमध्ये प्रश्नाला ‘हो’ असे उत्तर देणे कॅप्टनला फार सोपे जाते.

म्हणून ‘सर, परवानगी मिळाली ना?’ असे विचारू नये. ‘सर, टेकऑफची परवानगी मी ऐकलेली नाही, मी विचारतो’ असे सांगावे आणि उत्तराची वाट न पाहता बटण दाबावे. या वाक्यात कॅप्टनच्या ज्ञानावर शंका नाही, फक्त स्वतःला काय ऐकू आले याचे निवेदन आहे, त्यामुळे ते ज्येष्ठांनाही झोंबत नाही. टॉवरला ‘कन्फर्म क्लिअर्ड फॉर टेकऑफ, रनवे टू सेव्हन’ असे विचारायला चार-पाच सेकंद लागतात आणि तोपर्यंत ब्रेक लावलेलेच असतात. परवानगी मिळालेली असेल, तर नियंत्रक ती पुन्हा देतो. नसेल, तर ‘निगेटिव्ह, होल्ड पोझिशन’ असे उत्तर येते आणि ते दोघांनाही ऐकू येते.